लाल कॅनमधलं ऑइल

रविवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मी गाडीखाली गेलो. सात एकोणीसला ऑइल बाहेर आलं. मी बाहेर आलो सात पन्नासला. मधल्या एकतीस मिनिटांत काय घडलं याबद्दल इमारतीत निदान चार हकिगती फिरताहेत. त्यांतली एक माझ्या बायकोची आहे आणि तिला सगळ्यांत जास्त श्रोते मिळाले आहेत, म्हणून हे लिहिणं भाग आहे.

काम साधं होतं. गाडीचं इंजिन ऑइल बदलायचं. गॅरेजमध्ये नाही, घरी; आणि नेहमीचं महागडं नाही, तर चौकातल्या मोठ्या दुकानानं स्वतःच्या नावानं विकायला ठेवलेलं, जवळजवळ निम्म्या किमतीचं सिंथेटिक ऑइल घालून. त्या दुकानाच्या नावाच्या साबणानं आम्ही अंग धुतो, त्या नावाच्या कागदी रुमालांनी नाक पुसतो, आणि त्या नावाचा टोमॅटो सॉस गेली चार वर्षं आमच्या टेबलावर आहे. इतका विश्वास टाकल्यावर नेमकं इंजिनापाशीच अडून का बसायचं, असा माझा प्रश्न होता. बायकोचा प्रश्न वेगळा होता.

"सॉसवाल्यांचं ऑइल? बाबांच्या गाडीत?"

'बाबांच्या गाडीत' या दोन शब्दांत सगळं आलं. गाडी सासऱ्यांची. अकरा वर्षांची आहे, पण दार लावताना अजून नव्यासारखा मऊ आवाज येतो. सासरे कारखान्यात फोरमन होते. यंत्राशी बोलताना त्यांचा आवाज जितका हळुवार होतो, तितका माणसांशी बोलताना झालेला मी ऐकलेला नाही. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी त्यांचं गाडी चालवणं बंद केलं, तेव्हा त्यांनी किल्ली आमच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "तीन महिने चालवा. गाडी नीट राहिली तर कागदांवर सही करतो. नाही राहिली तर तुमच्या मेहुण्याला देतो. तोही नीट ठेवणार नाही, पण त्याच्याकडून मला अपेक्षाही नाही."

माझ्याकडून त्यांना अपेक्षा आहे हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

गाडी खरी लागते ती बायकोला. तिची शाळा शहराच्या दुसऱ्या टोकाला. दोन बस, आणि मधे वीस मिनिटं थांब्यावर उभं राहायचं. गाडी आल्यापासून ती सकाळी एक तास दहा मिनिटं जास्त झोपते. त्या एक तास दहा मिनिटांनी आमच्या संसारात पडलेला फरक भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांनाही जाणवला आहे. त्यांनी तसं बोलूनही दाखवलं. तीन महिने येत्या शनिवारी पुरे होत होते.

अशा वेळी शहाण्या माणसानं गाडी पुसावी, हवा बघावी आणि गप्प बसावं. मलाही तेच करायचं होतं. पैसे वाचवायचा तर प्रश्नच नव्हता, कारण सासऱ्यांनी गाडीबरोबर त्यांच्या नेहमीच्या ऑइलचा एक भरलेला लाल कॅन दिला होता. दुकानाचं ऑइल निळ्या कॅनमध्ये येतं. एकदा सॉस आणायला गेलो असताना मी तो निळा कॅन सहज उलटा करून पाहिला. बुडाला एक वर्तुळ, वर्तुळात त्रिकोण आणि त्रिकोणात चौदाचा आकडा. तो विकत घेऊन घरी आलो आणि लाल कॅन उलटा केला. वर्तुळ, त्रिकोण, चौदा. पाठीवरचा मजकूर ताडून पाहिला. तोच दर्जा, जाडीचा तोच आकडा, तेच इशारे, त्याच क्रमानं. फरक रंगाचा आणि किमतीचा.

एकाच कारखान्यात एकाच नळाखाली दोन्ही कॅन भरत असतील तर?

लाल कॅनवाल्यांना फोन केला. ते म्हणाले, हे व्यावसायिक गुपित आहे. निळ्या कॅनवाल्यांना केला. तेही म्हणाले, हे व्यावसायिक गुपित आहे. वाक्य एकच, आवाजही मला एकच वाटला. पण तसा पुरावा माझ्याकडे नाही.

मग एकच मार्ग उरला. दुकानाचं ऑइल गाडीत घालायचं, काही न सांगता सासऱ्यांना इंजिन ऐकवायचं, आणि त्यांनी 'उत्तम' म्हटलं की सांगून टाकायचं. ही फसवणूक नव्हे, ही निष्पक्ष चाचणी. औषधांचीसुद्धा अशीच करतात, असं मी बायकोला समजावलं.

"औषधांच्या चाचणीत सासरे नसतात," ती म्हणाली. मला वाटलं विषय संपला.

अडचणी दोन होत्या. पहिली, सासऱ्यांची पद्धत. ऑइल बदललं की रिकामा कॅन डिकीत ठेवायचा, पुढच्या बदलीपर्यंत. "तोंडानं कुणीही काहीही सांगेल. कॅन दाखवा," असं ते कारखान्यात म्हणत आणि घरातही म्हणतात. दुसरी अडचण पहिल्या मजल्यावर राहते. कॅप्टन. जन्मभर जहाजावर होते म्हणून कॅप्टन. जहाजावर ते भांडारात बसून चादरी आणि साबण मोजून देत, हे त्यांनी स्वतःच एकदा बेसावधपणे सांगितलं. कॅप्टन आणि सासरे रोज संध्याकाळी फोनवर बुद्धिबळ खेळतात. गाडीपाशी निळा कॅन दिसला असता, तर पहिलं प्यादं हलायच्या आत बातमी पोचली असती. मी वर्तमानपत्रात काम करतो आणि जबाबदारीनं सांगतो, कॅप्टनांच्या आधी आम्ही आजवर एकही बातमी दिलेली नाही.

म्हणून शनिवारी संध्याकाळी बायको भाजी आणायला खाली उतरल्यावर मी बाथरूममध्ये दोन स्वच्छ बादल्या आणि नरसाळं घेऊन बसलो आणि ऑइलची अदलाबदल केली. लालमधलं निळ्यात, निळ्यातलं लालमध्ये. आता मी भर चौकात लाल कॅन मिरवत दुकानाचं ऑइल ओतू शकणार होतो. नरसाळं आधीच तेलकट का आहे, हा प्रश्न मला पडला होता. त्या आठवड्यात पडलेल्या प्रश्नांपैकी तेवढा एकच मी सोडून दिला.

आता गाडीखालचा तो वेळ.

गाडीखाली उताण्या पडलेल्या माणसाला समाजात स्थान नसतं. लोक त्याच्या पायांशी बोलतात आणि तो लोकांच्या चपलांना उत्तरं देतो. पहिल्या आल्या निळ्या रबरी चपला.

"कोण, पत्रकार का?" कॅप्टन.

"हो."

"नट कुठं फिरवताय?"

"डावीकडे."

"तुमच्या डावीकडे की गाडीच्या?"

हा प्रश्न मी स्वतःला विचारला नव्हता. पाना थांबवून विचार करू लागलो. मनातल्या मनात एक बाटली उघडली. मग ती उलटी करून तोंडावर धरली आणि पुन्हा उघडली. दोन्ही वेळा वेगळं उत्तर आलं.

"जहाजावर तुम्ही काय करता हो अशा वेळी?" मी विचारलं.

"जहाजावर डावं-उजवं म्हणतच नाहीत. त्यामुळे घोळ होत नाही."

"मग काय म्हणतात?"

"ते खालचे इंजिनवाले जाणोत. आम्ही वर."

मी पान्याला एका बाजूला जोर लावून पाहिला, मग दुसऱ्या. दुसऱ्या बाजूला नट निघाला, आणि एकदम निघाला. टब मी बरोबर नटाच्या खाली ठेवला होता. पण चेंबरमधून सुटलेलं ऑइल सरळ खाली पडत नाही. ते आधी पुढं झेप घेतं आणि जोर ओसरला की मग खाली पडतं. ते टबाच्या काठावरून माझ्या बाहीत शिरलं, बाहीतून काखेत गेलं आणि तिथून त्यानं स्वतःची वाट शोधली. इंजिन मी नुकतंच गरम केलं होतं, कारण गरम ऑइल लवकर निघतं असं वाचलं होतं. ते खरं आहे.

"आलं का?" कॅप्टननी विचारलं.

"आलं."

"काळं आहे?"

"दिसत नाही."

"का?"

"डोळे मिटलेत."

चपला थोडा वेळ विचारात पडल्या. "म्हणजे काळंच असणार," त्या म्हणाल्या.

टब योग्य जागी ओढायला गेलो तर तो कलंडला. एव्हाना चपलांशेजारी पॉलिश केलेले बूट आले होते. रविवारी सकाळी साडेसातला पॉलिश केलेले बूट इमारतीत एकाच माणसाच्या पायात असतात. सेक्रेटरी. टेप उलगडल्याचा आवाज आला.

"डाग, एक फूट नऊ इंच," ते स्वतःशीच म्हणाले.

"आठ इंच," मी खालून म्हणालो. मला इथून नीट दिसत होतं.

"नऊच लिहितो. पसरतोय अजून."

सेक्रेटरींचा स्वभाव वाईट नाही, त्यांना फक्त नियम पाठ आहेत. त्यांनी माझ्या पायांना सांगितलं की डाग आजच्या आज साफ व्हायला हवा, आणि निघालेलं जुनं ऑइल पालिकेच्या केंद्रात जमा करून सात दिवसांत पावती आणून द्यायला हवी. "नाहीतर पार्किंगच्या जागेला साखळी. तुम्ही आहात म्हणून नाही, मी माझ्या भावालाही घातली असती."

"घातलीच होती," कॅप्टन म्हणाले.

सात पन्नासला मी बाहेर आलो. भुसा टाकला, फिल्टर बदलला, नट घट्ट केला, आणि चार पावलं मागं उभ्या असलेल्या दोन साक्षीदारांसमोर लाल कॅन उचलून नरसाळ्यात ओतला.

"वा! लाल कॅन," कॅप्टन म्हणाले. "सासऱ्यांचं नाव राखलंत."

गाडी सुरू केली. इंजिन असं बोलू लागलं की मला स्वतःलाच संकोच वाटला. कॅप्टननी बॉनेटवर हात ठेवून डोळे मिटले. "ऐका. याला म्हणतात ऑइल! ते सॉसवाल्यांचं घातलं असतं ना, तर आत्ता खडखड सुरू झाली असती."

माझ्या काखेत ऑइल होतं, केसांत भुसा होता, पण समोरचा माणूस तोंडभर स्तुती करतो आहे ती कशाची, हे फक्त मला ठाऊक होतं. इतकं निर्भेळ सुख मला आजवर नोकरीनं दिलं नव्हतं. ते छत्तीस तास टिकलं.

सोमवारी माझी सुटी. गाडी शाळेत गेलेली, म्हणून जुनं काळं ऑइल एका डब्यात भरून, डबा मांडीवर घेऊन बसनं पालिकेच्या केंद्रात गेलो. शेजारच्या सीटवर कुणी बसलं नाही. खिडकीतल्या बाई अत्यंत सभ्य होत्या. सभ्य माणसाशी भांडता येत नाही, ही सरकारी खिडकीवर आलेली नवीन आपत्ती आहे.

"गॅरेजचा परवाना क्रमांक?"

"गॅरेज नाही. घरी बदललं."

"मग हे आलं कुठून?"

"गाडीतून."

"गाडी तुमच्या नावावर?"

"सासऱ्यांच्या."

"म्हणजे ऑइल सासऱ्यांचं."

या निष्कर्षात चूक कुठं आहे ते मी उभ्या उभ्या शोधलं. नव्हती.

त्यांनी एक अर्ज पुढं केला. नमुना सात-ब. "मालकाची सही लागेल. आणि हा रकाना राहू देऊ नका: नवीन भरलेल्या ऑइलचं नाव."

"बाई, मला जुनं जमा करायचंय. नव्याचं नाव कशाला?"

"तेही कधीतरी जुनं होणारच ना," त्या समजुतीच्या स्वरात म्हणाल्या. "आणि खाली बघा, वरील माहिती खरी आहे असं लिहून द्यायचंय. खोटी निघाली तर मालकाची गाडी दोन महिने जमा होते. घाबरू नका, अजून कुणाची झालेली नाही. अजून कुणी हा अर्जच भरलेला नाही."

डबा मांडीवर घेऊन परत आलो. परतीच्या बसमध्येही शेजारी कुणी बसलं नाही.

रात्री आठ वाजता जेवायच्या टेबलावर अर्ज भरायला बसलो. म्हटलं, शनिवारी सासरे 'उत्तम' म्हणतील, आपण सांगून टाकू, ते हसतील (ते कधी हसलेले नाहीत, पण सुरुवात कधीतरी होणारच) आणि सही करतील. रकान्यात दुकानाचं नाव स्वच्छ अक्षरात लिहिलं. मागून बायकोचा आवाज आला.

"तुला कसं कळलं?"

"काय?"

"लाल कॅनमध्ये दुकानाचं ऑइल होतं ते."

"मला कसं कळलं म्हणजे? मीच घातलं त्यात."

"तू? ते तर मी घातलं!"

पेन मी खाली ठेवलं. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. शनिवारी दुपारी मी कामावर असताना तिनं बादल्या काढल्या होत्या. बाबांच्या गाडीत दुकानाचं ऑइल जाऊ नये, आणि माझाही हिरमोड होऊ नये, म्हणून तिनं लालमधलं निळ्यात आणि निळ्यातलं लालमध्ये करून ठेवलं होतं. मी खुशाल निळा कॅन ओतावा, इंजिनात बाबांचं ऑइल जावं आणि प्रयोग यशस्वी झाल्याचं समाधान मला मिळावं, असा तिचा बेत होता.

"आणि तू लाल ओतलास म्हणून कॅप्टननी जिन्यात सांगितलं," ती म्हणाली. "शाळेत दोन वर्गांवर ओरडले मी. उगीच."

मी टेबलावरचे दोन पेले घेतले. एक लाल, एक निळा असं धरलं. दुपारची अदलाबदल केली, संध्याकाळची केली. पेले जिथल्या तिथं आले.

"म्हणजे लालमध्ये बाबांचंच होतं," ती म्हणाली आणि खुर्चीत बसली. तिचा जीव भांड्यात पडला. माझं छत्तीस तासांचं सुख त्याच क्षणी संपलं. कॅप्टननी ज्याची स्तुती केली ते खरोखरच ते होतं. मी दुकानाचं नाव खोडलं आणि लाल कॅनचं लिहू लागलो.

"पण सील मात्र तू फार सफाईनं तोडलंस हं," ती सहज म्हणाली. "मला तर कळलंही नसतं."

"सील? आधी तू उघडलास ना कॅन? दुपारी?"

"मी उघडला तेव्हा तुटलेलंच होतं. मला वाटलं तू वास घेऊन पाहिलास."

आता ही गोष्ट मी वर कुठंतरी सांगायला हवी होती, राहून गेली. संध्याकाळी मलाही सील तुटलेलं दिसलं होतं. मला वाटलं सासऱ्यांनी उघडून बोटावर घेऊन पाहिलं असेल. ते सगळंच बोटावर घेऊन पाहतात. पण लाल कॅन दुकानातून येतो तो सीलबंद येतो. त्यावर शंका घ्यायची फोरमनला गरज काय?

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मग दोघांनीही दुसरीकडे पाहिलं.

"बाबा असं करणार नाहीत," ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "निवृत्त झाल्यावर त्यांनी दाढीचा साबण बदलला होता. स्वस्तातला आणायचे आणि जुन्या डबीत ठेवायचे. आईला वासावरून कळलं." आणखी थोड्या वेळानं म्हणाली, "पण ऑइल नाही. ऑइल नाही बदलणार ते."

रकाना मी पुन्हा खोडला.

खरी माहिती लिहायची तर खरी माहिती हवी. मंगळवारी कामावर जाताना लाल कॅनच्या तळाशी उरलेलं आणि निळ्यातलं थोडं थोडं ऑइल बाटल्यांत भरून एका खाजगी प्रयोगशाळेत दिलं. एकीवर 'लाल' लिहिलं, दुसरीवर 'निळा'. शुक्रवारी सव्वाचारला तिथल्या मॅडमचा फोन आला.

"दोन्ही नमुने तंतोतंत एक आहेत."

"म्हणजे दोन्ही एकाच कारखान्यात बनतात?"

"ते आम्हाला कसं कळणार? आम्ही एवढंच सांगतो की हे एकच ऑइल आहे. खरं सांगा, एकाच कॅनमधून दोन बाटल्या भरल्यात ना? लोक आमची परीक्षा घ्यायला असं पाठवतात."

फोन ठेवला आणि लक्षात आलं की उत्तर मिळालं आहे आणि काहीही कळलेलं नाही. एक तर माझं म्हणणं खरं होतं, एक नळ आणि दोन रंग. किंवा लाल कॅनमध्ये पहिल्यापासून दुकानाचंच ऑइल होतं, आणि मग आम्ही दोघांनी बाथरूममध्ये बसून निळं ऑइल निळ्याशी दोनदा बदललं होतं. बायको म्हणाली, पहिलं. मी म्हणालो, पहिलंच असेल. तिला इतक्या चटकन माझं म्हणणं पटल्याचं आमच्या लग्नात दुसरं उदाहरण नाही.

शनिवारी दहा वाजता सासरे आले. काळा चष्मा, इस्त्रीचा शर्ट, हातात कागदांची पिशवी. घरात न येता सरळ गाडीपाशी गेले. बॉनेटवरून हात फिरवला. इंजिनातली ऑइल मोजायची पट्टी काढून तिच्यावरचं ऑइल अंगठ्यावर घेतलं, तर्जनीनं चोळलं, नाकाशी नेलं. मग गाडी सुरू करायला सांगून कान इंजिनाकडे करून उभे राहिले. कॅप्टन गॅलरीत येऊन उभे होते आणि तेही श्वास रोखून होते.

"उत्तम," सासरे म्हणाले.

डिकी उघडली. लाल कॅन चाचपला. "हं."

वर आल्यावर बायकोनं त्यांना अर्ज वाचून दाखवला. नवीन भरलेल्या ऑइलचं नाव, या रकान्यापाशी ती थांबली.

"काय लिहिलंय?"

"दोनदा खोडलंय, बाबा," मी म्हणालो.

आणि सगळं सांगितलं. वर्तुळ, त्रिकोण, चौदा. माझ्या बादल्या, तिच्या बादल्या, प्रयोगशाळा. वेळांसकट सांगितलं, कारण सवय तशी आहे. बोलता बोलता मी बायकोकडे पाहत नव्हतो. ती टेबलावरच्या किल्लीकडे पाहत होती. सगळं संपल्यावर सासरे म्हणाले, "बादल्या कोरड्या होत्या?"

"हो."

"दोघांच्याही?"

"हो, बाबा."

"हं. तेवढी तरी अक्कल आहे."

मग जे विचारायचं नाही असं आदल्या रात्री ठरलं होतं, तेच तिनं विचारलं. "बाबा, लाल कॅनचं सील आधीच तुटलेलं होतं."

सासऱ्यांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला, पुन्हा घातला. चष्मा स्वच्छच होता.

"इंजिन ऐकलंत ना दोघांनी?"

"ऐकलं."

"ते काही म्हणालं?"

"नाही."

"मग तुम्ही का म्हणताय?" त्यांनी पेन मागितलं. "मला तो रकाना दाखव. बोट ठेव त्यावर. हं, आता दोघंही तिकडे खिडकीकडे बघा."

आम्ही खिडकीकडे पाहिलं. मागं पेन कागदावर फिरल्याचा आवाज आला. शब्द किती हे मी आवाजावरून मोजायचा प्रयत्न केला; जमलं नाही. वळलो तेव्हा अर्ज पाकिटात गेला होता आणि सासरे पाकीट चिकटवत होते. "मालकानं भरायचं असतं ते," ते म्हणाले. "बाईंनीच उघडायचं."

मग पिशवीतून गाडीचे कागद निघाले. तीन ठिकाणी सही केली, प्रत्येक सहीपूर्वी जागा बोटानं चाचपून. तारखेपाशी पेन थांबलं.

"तारीख पुढच्या बदलीनंतर. सहा महिन्यांनी. ऑइल मी घेऊन येईन. कॅनला हात लावायचा नाही. दोघांनीही." किल्ली त्यांनी उचलली आणि मुलीच्या हातात दिली. "तोवर चालव. आणि सकाळी झोपतेस ना नीट?"

ती हो म्हणाली.

बारा वीसला मी केंद्राच्या खिडकीपाशी होतो. बाईंनी पाकीट फोडलं, अर्ज उलगडला, रकान्यापर्यंत आल्या. चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. पुन्हा रकान्याकडे पाहिलं. शिक्का मारला, डबा आत घेतला, पावती फाडून दिली आणि अर्ज फाइलमध्ये ठेवला.

"काय लिहिलंय हो?" मी विचारलं.

"मालकांना विचारा ना."

"मालक सांगणार नाहीत."

"अर्जाची नक्कल फक्त मालकालाच देता येते," बाई म्हणाल्या. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. "तुम्ही मालक व्हा, मग या."

पावती सेक्रेटरींना दिली, त्यांनी ती दोन्ही बाजूंनी वाचली. नक्कल मागायची मुदत अर्जापासून एक वर्ष आहे, हे मी खिडकीवरच विचारून घेतलं. गाडीचे कागद आमच्या कपाटात आहेत, तिन्ही सह्या जागेवर आहेत. तारीख पडली की मालक आम्ही. तारखेची जागा आज सकाळी नऊपर्यंत रिकामी होती.